एडिटरचं सेटिंग एका खिडकीपुरतं किंवा एका फायलीपुरतं लावता येतं का?

निळीशाई

नमस्कार मंडळी. मी प्रभादेवीच्या एका छोट्या प्रकाशन संस्थेत काम करते. अर्धा दिवस मराठी मजकूर तपासायचा आणि उरलेला वेळ त्याच मजकुराचं ई-बुक बनवणाऱ्या पायथन स्क्रिप्ट सांभाळायच्या. दोन्ही कामं विंडोजवर, व्हीएस कोड या एडिटरमध्ये.

मराठी वाचताना मला अक्षर मोठं लागतं आणि दोन ओळींत मोकळी जागा लागते. नाहीतर 'कर्तृत्व'मधला ऋकार खालच्या ओळीतल्या वेलांटीला जाऊन चिकटतो, आणि मुद्रितशोधनात नेमकं तेच स्वच्छ दिसायला हवं असतं. परिच्छेदही खिडकीच्या रुंदीत मोडून दिसायला हवा. कोडचं सगळं उलटं. अक्षर लहान हवं, ओळ मोडायला नको, अख्खं फंक्शन एका नजरेत दिसायला हवं. फॉन्ट २० केला की कोडही २० होतो आणि १४ केला की डोळे दुखतात.

आणखी एक आहे आणि ते जास्त त्रासाचं आहे. सेव्ह करताना ओळीच्या शेवटच्या रिकाम्या जागा काढून टाकायचं सेटिंग मी कोडसाठी चालू ठेवलंय. मार्कडाउनमध्ये ओळीच्या शेवटी दोन स्पेस म्हणजे 'इथे ओळ तोड'. त्या गेल्या की चार ओळींचं कडवं एका सलग परिच्छेदात गोळा होतं. कवितासंग्रहाचं काम चालू आहे, त्यामुळे हे परवडणारं नाही.

दर वेळी सेटिंग बदलत बसायचं नसेल तर कुठे काय लिहायचं?

ऐरोलीकर

ताई, तात्पुरतं हवं असेल तर ऑल्ट आणि झेड एकत्र दाबा. समोरच्या फायलीपुरतं ओळी मोडणं चालू-बंद होतं, बाकीच्यांना धक्का लागत नाही. पण ते कुठे लिहून ठेवलं जात नाही, तेवढ्या वेळेपुरतंच असतं.

कायमसाठी भाषेनुसार सेटिंग करा. कंट्रोल-शिफ्ट-पी दाबून 'ओपन यूजर सेटिंग्ज (जेसन)' शोधा. सेटिंग्जची जेसन फाईल उघडेल, तिच्यात चौकटी कंसात मार्कडाउनचा एक कप्पा करा. त्याच्या आत लिहाल ते फक्त मार्कडाउनला लागू. 'एडिटर.फॉन्टसाइज' २०, 'एडिटर.लाइनहाइट' १.८, 'एडिटर.वर्डरॅप' ऑन, आणि कवितांसाठी 'फाइल्स.ट्रिमट्रेलिंगव्हाइटस्पेस' फॉल्स.

लाइनहाइटला ८ पेक्षा लहान आकडा दिला की तो फॉन्टच्या आकाराला गुणला जातो, ८ किंवा त्याहून मोठा दिला तर तेवढे पिक्सेल धरतात. म्हणून १.८ लिहा. उद्या फॉन्ट २४ केलात तरी उकारांना जागा आपोआप मिळेल.

निळीशाई

अगदी मनासारखं झालं, खूप आभार! पण अर्ध्या लेखकांचा मजकूर साध्या .टीएक्सटी फायलींत येतो, आणि आमच्या स्क्रिप्टचे लॉगही .टीएक्सटीच असतात. त्यांना वेगळं कसं करायचं?

ऐरोलीकर

'फाइल्स.असोसिएशन्स' बघा. तिथे नुसतं एक्स्टेंशन नाही, फोल्डरसकट नमुना देता येतो. 'हस्तलिखित' नावाच्या फोल्डरमधल्या सगळ्या .टीएक्सटी फायली मार्कडाउन समजाव्यात असं लिहा. लॉग दुसऱ्या फोल्डरमध्ये आहेत, ते साधे टेक्स्टच राहतील. व्हीएस कोडमध्ये एकेका फायलीच्या नावाने सेटिंगचा संच लिहायची मूळ सोय नाही, पण या रस्त्याने जवळपास तेच साधतं.

ताडदेव१९

एवढा खटाटोप कशाला? मजकुराला एक एडिटर, कोडला दुसरा. मी नोटपॅड++ आणि व्हीएस कोड असे दोन वापरतो. काही अडत नाही.

निळीशाई

माझं अडतं. पात्राचं नाव बदललं की ते मजकुरातही शोधावं लागतं आणि अनुक्रमणिका बनवणाऱ्या स्क्रिप्टमध्येही. दोन्ही एकाच गिट रेपोत (बदलांची नोंद ठेवणाऱ्या सामाईक फोल्डरमध्ये) आहेत. एका शोधात सगळं समोर येतं, ते मला सोडायचं नाहीये.

अर्धविराम

निळीशाई, तुम्ही दोन अडचणी एका दमात सांगितल्यात, पण त्या एका जातीच्या नाहीत. माझ्या मते पहिल्यांदा तेवढं वेगळं केलं की पुढचा गुंता होत नाही.

फॉन्टचा आकार आणि ओळींमधली जागा हे तुमचं आहे. तुमचे डोळे, तुमचा मॉनिटर. हीच फाईल तुमच्या सहकाऱ्याने उघडली तर त्याला २० चा फॉन्ट हवा असेलच असं नाही. ओळीशेवटच्या त्या दोन स्पेस मात्र कवितेच्या आहेत. त्या कुणीही, कुठल्याही एडिटरमध्ये, कुठल्याही मशीनवर फाईल उघडली तरी टिकायलाच हव्यात. आता तुम्ही ऐरोलीकरांनी सांगितलेलं चारही तुमच्या वैयक्तिक सेटिंगमध्ये टाकलं असेल. तुमच्या मशीनवर कडवी शाबूत राहतील. उद्या सहकाऱ्याने एक शुद्धलेखनाची चूक दुरुस्त करून सेव्ह केलं की त्याच्या एडिटरने सगळ्या स्पेस काढल्याच म्हणून समजा. गिटच्या फरकात त्या नजरेलाही येत नाहीत चटकन.

म्हणून कुठलंही सेटिंग लिहायच्या आधी विचारायचं, हे कोणाचं? माझं असेल तर माझ्या सेटिंगमध्ये. प्रकल्पाचं असेल तर प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये, गिटमध्ये, सगळ्यांना मिळेल असं. एकाच फायलीचं असेल तर त्या फायलीत किंवा तिच्या शेजारी. आणि नुसतं समोरच्या खिडकीचं, आत्तापुरतं असेल तर कुठेच लिहू नये, ऑल्ट-झेडसारखं लावावं आणि सोडून द्यावं. लोक सगळं उचलून वैयक्तिक सेटिंगमध्ये भरतात आणि मग 'माझ्याकडे बरोबर दिसतं' हे वाक्य ऐकू यायला लागतं.

तुमच्या स्पेसचं सेटिंग प्रकल्पाच्या '.व्हीएसकोड' फोल्डरमधल्या सेटिंग्ज.जेसनमध्ये हलवा. तिथेही चौकटी कंसातला मार्कडाउनचा कप्पा चालतो. फाइल्स.असोसिएशन्सही तिथेच ठेवा. 'हस्तलिखित' हे फोल्डर प्रकल्पाचं आहे, तुमचं नाही.

कुर्ला_टर्मिनल

अर्धविराम सर, मनापासून +१. 'हे कोणाचं' हा प्रश्न विम या एडिटरने तर प्रत्येक ऑप्शनवर लिहूनच ठेवलाय. विमच्या मदतीत कुठलाही ऑप्शन उघडा, नावाखाली एक ओळ असते: ग्लोबल, लोकल टू बफर, किंवा लोकल टू विंडो. बफर म्हणजे उघडलेली फाईल, विंडो म्हणजे ती जिथून दिसते ती चौकट.

टॅबस्टॉप, शिफ्टविड्थ, एक्स्पांडटॅब, टेक्स्टविड्थ, फाइलएन्कोडिंग हे बफरचे, कारण यांनी फायलीत काय लिहिलं जाईल ते ठरतं. रॅप, नंबर, कर्सरलाइन, फोल्डमेथड, लिस्ट हे विंडोचे, कारण यांनी फक्त दिसणं बदलतं. ही विभागणी ब्रॅम मुलेनार यांनी ठरवली. विम १९९१ साली लोकांसाठी बाहेर आलं आणि २०२३ साली ते गेले तोवर ते त्यावर काम करत होते. मी रोज वापरतो आणि अजूनही वाटतं की किती विचार करून ठेवलंय हे.

माझं रोजचं उदाहरण. सर्व्हरचा लॉग एकाच फायलीतून दोन खिडक्यांत उघडतो. वर 'सेटलोकल नोरॅप', म्हणजे तारीख-वेळेचे रकाने एकाखाली एक सरळ दिसतात. खाली 'सेटलोकल रॅप' आणि 'लाइनब्रेक', म्हणजे एररची लांबलचक ओळ शब्दावर मोडून पूर्ण वाचता येते. फाईल एकच, शोधलेला शब्द दोन्हीकडे ठळक, पण दिसणं वेगवेगळं.

नुसतं 'सेट' आणि 'सेटलोकल' यांतला फरक नीट बघा, नव्या मुलांचा बहुतेक गोंधळ इथेच होतो. 'सेट रॅप' म्हटलं की समोरच्या खिडकीचं मूल्य बदलतंच, शिवाय मागे ठेवलेलं ग्लोबल मूल्यही बदलतं. मग त्यानंतर जी नवी फाईल उघडाल ती ग्लोबल मूल्य घेते आणि मोडलेलीच दिसते. 'सेटलोकल'ने ग्लोबलला हात लागत नाही. आणि खिडकी दुभागली की नवी खिडकी जुन्या खिडकीचीच मूल्यं घेऊन येते, ते लक्षात ठेवून दुसरीत बदल करा.

भाषेनुसार हवं असेल तर होम फोल्डरमधल्या '.विम/आफ्टर/एफटीप्लगिन' या फोल्डरमध्ये 'मार्कडाउन.विम' फाईल करून तिच्यात 'सेटलोकल'च्या ओळी लिहायच्या. तिथे चुकून 'सेट' लिहू नका. आणि एखादं मूल्य कुठून आलं ते कळत नसेल तर 'व्हर्बोज सेट टॅबस्टॉप?' असं विचारायचं. शेवटचं कुठल्या फायलीने बदललं ते विम सांगतं. या एका आदेशाने माझ्या संध्याकाळी वाचल्या आहेत.

मराठी मजकुराला मात्र मी टर्मिनलमधलं विम सुचवणार नाही. बऱ्याच टर्मिनलमध्ये जोडाक्षरं फुटतात.

अर्धविराम

कुर्ला_टर्मिनल, सुरेख लिहिलंत. ईमॅक्स या दुसऱ्या एडिटरचं वेगळं आहे म्हणून जोडतो. तिथे ओळ मोडणं, फॉन्टचं लहानमोठं करणं, हे सगळं बफरचं असतं, खिडकीचं नाही. एकच बफर दोन खिडक्यांत उघडून एकीत ओळी मोडल्या की दुसरीतही मोडतात. तुमचं लॉगचं उदाहरण ईमॅक्समध्ये करायचं तर 'क्लोन-इनडायरेक्ट-बफर' लागतो: मजकूर सामाईक, सेटिंगं स्वतंत्र. एका खिडकीत बदललेलं अक्षर दुसरीत लगेच दिसतं, पण दुसरीचा मोड (फायलीच्या प्रकारानुसारचं वागणं), तिचं रॅप तिचं तिचं राहतं. मी मूळ संहिता आणि तळटीपा अशा दोन दृश्यांसाठी हेच वापरतो.

आणि फोल्डरसाठी '.डिर-लोकल्स.ईएल' ही फाईल आहे. २००९ साली ईमॅक्स २३ बरोबर आली. ती ठेवलेल्या फोल्डरपासून खालच्या सगळ्या फायलींना लागू, मोडनुसार वेगळी मूल्यं देता येतात. हाताने लिहायचा कंटाळा असेल तर 'ॲड-डिर-लोकल-व्हेरिएबल' हा आदेश तुम्हाला विचारत विचारत लिहून देतो.

ताडदेव१९

हे वाचून एक विचारतो. फायलीतच सेटिंग लिहायची जुनी पद्धत होती ना? पहिल्या ओळीत काहीतरी खुणा असायच्या. ते केलं की फाईल जिथे जाईल तिथे सेटिंगही जाईल. हा सगळ्यात सरळ मार्ग नाही का?

कुर्ला_टर्मिनल

आहे ना, त्याला मोडलाइन म्हणतात. कॉमेंटमध्ये 'विम: सेट टीएस=४ एसडब्ल्यू=४ ईटी:' अशी ओळ. विम नेहमीच्या सेटिंगमध्ये पहिल्या पाच आणि शेवटच्या पाच ओळींतच शोधतं. 'विम'च्या आधी ओळीची सुरुवात किंवा रिकामी जागा हवी, आणि 'सेट' लिहिलं असेल तर शेवटचं विसर्गासारखं चिन्ह (कोलन) विसरायचं नाही. मोडलाइनमधलं 'सेट' हे 'सेटलोकल'सारखं वागतं, म्हणून दुसऱ्या फायलींना त्रास नाही. ईमॅक्समध्ये पहिल्या ओळीत दोन '-*-' खुणांच्या मध्ये लिहितात, किंवा फायलीच्या शेवटी 'लोकल व्हेरिएबल्स' असा ठोकळा. केट एडिटरलाही अशी ओळ कळते.

पायथनच्या जुन्या फायलींच्या डोक्यावर 'कोडिंग: यूटीएफ-८' अशी ओळ दिसते, ती याच घराण्यातली. पायथनने ईमॅक्सची खूण ओळखायची असं ठरवलं, त्यामुळे एडिटर आणि पायथन दोघंही तीच ओळ वाचतात. पायथन ३ मध्ये यूटीएफ-८ गृहीतच असल्यामुळे आता तिची गरज उरलेली नाही.

पण धोका समजून घ्या. अनोळखी माणसाने पाठवलेली फाईल तुमच्या एडिटरला हुकूम देते, असा याचा अर्थ होतो. २०१९ च्या जूनमध्ये विम आणि त्याचाच नवा अवतार असलेल्या निओविममधली एक त्रुटी जाहीर झाली होती, तिचा नोंदणी क्रमांक सीव्हीई-२०१९-१२७३५. खास रचलेली मोडलाइन असलेली साधी टेक्स्ट फाईल नुसती उघडली तरी मशीनवर आदेश चालवता येत होता. विममध्ये ८.१.१३६५ ला आणि निओविममध्ये ०.३.६ ला ते बुजवलं. डेबियन लिनक्स तर मोडलाइन बंद ठेवूनच विम देतं. ईमॅक्स ओळखीची, निर्धोक मूल्यं निमूट लावतं आणि बाकीच्यांबद्दल आधी तुम्हाला विचारतं. तिथे न वाचता 'हो' म्हणू नका. व्हीएस कोडनेही २०२१ मध्ये 'या फोल्डरवर विश्वास आहे का' असं विचारायला सुरुवात केली, त्यामागेही हीच काळजी आहे.

अक्षरगोडी

मी गोरेगावला एका दैनिकाच्या वेब विभागात आहे. मोडलाइनबद्दल माझं मत जरा कडक आहे: लेखकाच्या मजकुरात एडिटरची ओळ जाता कामा नये. निळीशाईंची फाईल परत लेखकाकडे जाते, मग मांडणीला जाते, मग ई-बुकला. त्यातल्या कुणाला तरी ती ओळ मजकुराचाच भाग वाटणार आणि ती छापली जाणार. कोडमध्ये, कॉमेंटच्या आत, जरूर लिहा. एखादी विचित्र फाईल असते, बाकी सगळा प्रकल्प स्पेसवर आणि ती एकटी आठ रुंदीच्या टॅबवर, तिथे मोडलाइन शोभते.

निळीशाई

हे पटलं. मजकुरात काही घालणार नाही.

आता एक कोडं. अर्धविराम सरांनी सांगितल्याप्रमाणे प्रकल्पाचं सेटिंग प्रकल्पात हलवलं. सहकाऱ्याने तिथे 'एडिटर.टॅबसाइज' २ लिहिलं होतं, कारण आमच्या वायएएमएल (माहिती लिहायच्या) फायली दोन स्पेसच्या आहेत. माझ्याकडे पायथन मात्र ४ च दिसतं. मला हवंय तसंच आहे, पण का? प्रकल्पाचं सेटिंग माझ्यापेक्षा वरचढ असतं ना?

ऐरोलीकर

असतं, पण एक अपवाद आहे आणि तो फार कमी लोकांना माहीत असतो. तुमच्या वैयक्तिक सेटिंगमध्ये पायथनचा कप्पा आहे का बघा, त्यात टॅबसाइज ४ असणार. व्हीएस कोडमध्ये भाषेच्या कप्प्यातलं सेटिंग हे बिनकप्प्याच्या सेटिंगवर नेहमी मात करतं, मग बिनकप्प्याचं सेटिंग प्रकल्पात का असेना. एरवी क्रम साधा: मूळ, मग तुमचं, मग वर्कस्पेसचं (खिडकीत उघडलेल्या प्रकल्पाचं), मग त्यातल्या एकेका फोल्डरचं, पुढचा मागच्यावर मात करतो. पण भाषेचा कप्पा आला की तो आधी बघितला जातो.

त्यामुळे प्रकल्पात भाषेनुसार वेगळं हवं असेल तर तिथेही कप्प्यातच लिहा. वायएएमएलच्या कप्प्यात २, पायथनच्या कप्प्यात ४. कप्प्याविरुद्ध कप्पा आला की मग प्रकल्प जिंकतो.

आणखी एक बघून ठेवा, 'एडिटर.डिटेक्टइंडेंटेशन'. हे मुळातच चालू असतं. फाईल उघडताना व्हीएस कोड आतला मजकूर बघून टॅब की स्पेस, दोन की चार, ते ओळखतं आणि तुमचा टॅबसाइज बाजूला ठेवतं. 'मी ४ लिहिलं तरी २ का दिसतं' याचं कारण बहुतेक वेळा हे असतं. खालच्या पट्टीत 'स्पेसेस' लिहिलेलं असतं तिथे क्लिक केलं की त्या एका फायलीपुरतं बदलता येतं.

अक्षरगोडी

सहकारी दुसरा एडिटर वापरत असेल तर '.व्हीएसकोड' फोल्डरचा त्याला उपयोग नाही. त्यासाठी एडिटरकॉन्फिग. रेपोच्या मुळाशी '.एडिटरकॉन्फिग' नावाची एक साधी फाईल. वर 'रूट = ट्रू', म्हणजे याच्या वरच्या फोल्डरांत शोधत जाऊ नको. मग चौकटी कंसात फायलींचे नमुने आणि त्यांच्याखाली मूल्यं: इंडेंट स्टाइल, इंडेंट साइज, ओळीचा शेवट कसा, कॅरेक्टरसेट, ओळीशेवटच्या जागा काढायच्या की नाही, फायलीच्या शेवटी नवी ओळ हवी की नको.

आमच्या फायलीचं सांगते. सगळ्यांना यूटीएफ-८ आणि जागा काढणे चालू. पायथनला चार स्पेस. वायएएमएलला दोन, तिथे टॅबने इंडेंट केलेलं चालतच नाही. मेकफाईलला टॅब, कारण तिथे आदेशाची ओळ टॅबनेच सुरू व्हावी लागते, स्पेस दिल्या की मेक थांबतं. ओळ संपल्याची खूण विंडोजच्या बॅच फायलींना सीआरएलएफ, शेल स्क्रिप्टना एलएफ. आणि मार्कडाउनला जागा काढणे बंद. निळीशाई, तुमच्या कवितांची खरी जागा ही आहे. एकाच फायलीला दोन नमुने लागू पडत असतील तर खाली लिहिलेला जिंकतो, म्हणून सगळ्यांसाठीचं वर आणि अपवाद खाली लिहा.

जेटब्रेन्सच्या एडिटरांना आणि व्हिज्युअल स्टुडिओला ही फाईल आपोआप कळते, निओविमला ०.९ पासून कळते, व्हीएस कोडला एक एक्स्टेंशन टाकावं लागतं. फॉन्ट, रंग, ओळ मोडून दाखवणं यातलं काही तिच्यात लिहिता येत नाही, आणि ते योग्यच आहे. ते माणसाचं काम, फायलीचं नाही.

गिरगाव_छापखाना

बरेच दिवस वाचतोय, आज विचारतो. आमच्याकडे जुन्या फॉन्टमधल्या फायलींचा साठा आहे, युनिकोडच्या आधीच्या. त्या एडिटरमध्ये उघडल्या की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा खच दिसतो. एडिटरचा फॉन्ट बदलून जुना फॉन्ट लावला की मजकूर बराचसा वाचता येतो, पण मग बाकीच्या सगळ्या खिडक्या बिघडतात. एका खिडकीलाच तो फॉन्ट देता येईल का?

अक्षरगोडी

काका, येईल, आणि तुमचा प्रश्न या सगळ्यात जास्त मोलाचा आहे, कारण तिथे चुकलं तर मजकूर कायमचा जातो.

त्या फायलींत देवनागरी नसतेच. रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागा वापरलेल्या असतात आणि फॉन्ट त्या जागी 'क' किंवा अर्धा 'श' काढून दाखवतो. म्हणून तुम्हाला दोन सेटिंगं लागतात. एक एन्कोडिंग (कुठला बाइट म्हणजे कुठलं अक्षर), ते फायलीचं. दुसरं फॉन्ट, ते खिडकीचं. सध्याचे एडिटर फाईल यूटीएफ-८ समजून उघडतात. इंग्रजी अक्षरांपलीकडच्या जागांतले बाइट एडिटरला कळत नाहीत, तो तिथे प्रश्नचिन्हाचा काळा चौकोन दाखवतो. अशा अवस्थेत सेव्ह केलं की तो चौकोनच फायलीत लिहिला जातो आणि मूळ अक्षर परत मिळत नाही.

तर असं करा. जुन्या फायलींची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, मूळ साठा जागचा हलवू नका. त्या फोल्डरमध्ये '.व्हीएसकोड' आणि त्यात सेटिंग्ज.जेसन. 'फाइल्स.एन्कोडिंग' विंडोज-१२५२, 'एडिटर.फॉन्टफॅमिली' तुमचा जुना फॉन्ट. शिवाय 'फाइल्स.रीडओन्लीइन्क्लूड'मध्ये सगळ्या फायली, म्हणजे चुकून कळ दाबली तरी काही बदलणार नाही. मग ते फोल्डर स्वतंत्र खिडकीत उघडा. जुना फॉन्ट त्या खिडकीतच राहील, शेजारच्या खिडकीत तुमचं नेहमीचं युनिकोड.

फक्त वाचायला उघडा हे मी मुद्दाम सांगतेय. विंडोज-१२५२ मध्ये पाच जागा रिकाम्या आहेत. तुमच्या फॉन्टने त्यांतली एखादी वापरली असेल तर तिथेही अक्षर हरवतं, आणि सेव्ह केलं की हरवलेलं पक्कं होतं. दुरुस्ती नेहमी युनिकोडमध्ये रूपांतर केलेल्या प्रतीवर करा. पहिलं पान दोन खिडक्यांत शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून बघा, विशेषतः रफार आणि पहिली वेलांटी, रूपांतरात त्याच जागा चुकतात.

अर्धविराम

ईमॅक्स वापरत असाल तर 'बफर-फेस-सेट'ने एका बफरलाच वेगळा फॉन्ट देता येतो, स्वतंत्र खिडकी उघडायची गरज नाही. जीविममध्ये (टर्मिनलबाहेर स्वतःच्या खिडकीत चालणाऱ्या विममध्ये) मात्र 'गुईफॉन्ट' ग्लोबल आहे, तिथे दुसरं जीविमच चालू करावं लागेल.

गिरगाव_छापखाना

आभारी आहे. पहिलं पुस्तक उघडलं, अक्षरं दिसली. मुलाला रूपांतराच्या कामाला बसवतो. युनिकोडसाठी कुठला फॉन्ट घ्यावा?

अक्षरगोडी

'मुक्ता' बघा. मुंबईच्याच 'एक टाइप' या गटाचा आहे, मोफत आणि मुक्त परवान्याचा, पडद्यावर स्वच्छ दिसतो. फॉन्टफॅमिलीमध्ये आधी कोडचा फॉन्ट आणि स्वल्पविराम देऊन मुक्ता लिहिलं की रोमन अक्षरं पहिल्यातून आणि देवनागरी दुसऱ्यातून येते. म्हणून फॉन्टचं नाव सगळ्या भाषांना एकच ठेवलं तरी चालतं. आकार आणि लाइनहाइट तेवढी भाषेच्या कप्प्यात ठेवा.

ऐरोलीकर

खिडकीचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो, आमच्या कामात फार उपयोगी आहे. आम्ही चाचणीचा सर्व्हर आणि खरा सर्व्हर अशा दोन खिडक्या एका वेळी उघडून बसतो. दिसायला दोन्ही सारख्या असतील तर रात्री दोन वाजता चुकीच्या खिडकीत आदेश जायला वेळ लागत नाही. म्हणून खऱ्या सर्व्हरच्या खिडकीची खालची पट्टी लाल. 'वर्कबेंच.कलरकस्टमायझेशन्स'मध्ये 'स्टेटसबार.बॅकग्राउंड' द्यायचं. पण ते '.व्हीएसकोड'मध्ये लिहू नका, गिटमधून सगळ्यांच्या खिडक्या लाल होतील. फाईल मेनूतून 'सेव्ह वर्कस्पेस ॲज' करा, ती .कोड-वर्कस्पेस फाईल रेपोच्या बाहेर ठेवा आणि तिच्यातल्या 'सेटिंग्ज'मध्ये रंग लिहा. प्रकल्पाचं प्रकल्पात राहतं, तुमचा रंग तुमच्याकडे.

निळीशाई, दोन मॉनिटर असतील तर हेही करून बघा. मजकुराचा टॅब धरून खिडकीबाहेर ओढा, तो स्वतंत्र खिडकीत जातो. २०२४ च्या सुरुवातीपासून झूमही खिडकीनुसार वेगळा ठेवता येतो. कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह दाबलं की फक्त तीच खिडकी मोठी होते.

निळीशाई

टॅब ओढून बघितला, दुसऱ्या मॉनिटरवर मजकूर आणि इकडे स्क्रिप्ट, फार सोयीचं झालंय. '.एडिटरकॉन्फिग' रेपोत टाकली. सहकाऱ्याने त्याच्या मशीनवर एक कविता उघडून सेव्ह केली, कडवी जशीच्या तशी राहिली.

एकच राहिलं. पुढच्या आठवड्यात एक नवी मुलगी कामावर येतेय. तिच्या व्हीएस कोडमध्ये एडिटरकॉन्फिगचं एक्स्टेंशन नसलं तर ही फाईल असून नसल्यासारखीच ना?

अक्षरगोडी

हो, तसंच होईल. '.व्हीएसकोड' फोल्डरमध्ये एक्स्टेंशन्स.जेसन नावाची फाईल करा आणि तिच्यात 'रेकमेंडेशन्स'खाली त्या एक्स्टेंशनची ओळखखूण लिहा. तिने फोल्डर उघडलं की व्हीएस कोड स्वतःच टाकायचं का म्हणून विचारेल. तरी पहिल्या दिवशी शेजारी बसून टाकून घ्या, ती सूचना कोपऱ्यात येते आणि लोक ती बंद करून मोकळे होतात. आणि मार्कडाउनच्या कप्प्यातलं जागा काढणं बंद केलेलं सेटिंग प्रकल्पाच्या सेटिंग्ज.जेसनमधून काढू नका. एक्स्टेंशन नसेल तेव्हा कवितांना तेच सांभाळेल.